काळ खरंच पुढे सरकतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावी-बारावीला तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. त्या वर्षांत एक प्रश्न दरवर्षी आला, आणि बहुतेक वेळा तास संपायला पाच मिनिटं असतानाच आला: "मॅडम, काळ जातो म्हणजे नेमकं काय होतं?" पाच मिनिटांत जे सांगता आलं नाही ते इथे सवडीने लिहिते आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. गोष्टी घडतात, एकामागून एक घडतात, हे शंभर टक्के खरं. पण त्या घडण्याच्या पाठीमागे 'काळ' नावाचं आणखी काही वाहत असतं, असं मला वाटत नाही.

काळ जातो हे तर रोज दिसतं. मग त्यात विचारायचं काय?

दिसतं काय ते आधी बघू. मे महिन्यात कैरीच्या फोडींना मीठ-हळद लावून ठेवली. दुसऱ्या दिवशी तळाला पाणी सुटलेलं असतं. मग मसाला कालवला, गार झालेली फोडणी ओतली, बरणीच्या तोंडाला दादरा बांधला. आठ दिवसांनी फोडी जराशा मऊ, खार दाटसर. महिन्याभराने लोणचं मुरलेलं. आपण म्हणतो, "वेळ गेला की मुरतं." पण मुरवलं कुणी? मिठाने फोडींतलं पाणी ओढलं, खार फोडींत शिरला, मोहरीचा झणका उतरला. काळाने येऊन बरणीत हात घातला नव्हता. मिठाचं श्रेय आपण काळाला दिलं.

तर प्रश्न असा आहे: हे सगळं घडलं, त्याशिवाय 'काळाचं जाणं' अशी वेगळी गोष्ट जगात आहे का, की 'घडलं' याचंच ते दुसरं नाव?

म्हणजे हा नुसता शब्दांचा घोळ आहे का?

नाही. पण शब्दांकडे लक्ष दिलं तर वाट सापडते, आणि मराठीने इथे एक फरक छान जपला आहे. "माझा वेळ गेला" म्हणतो तेव्हा वेळ पुल्लिंगी. तो किती गेला ते सांगता येतं, दोन तास, चार दिवस. "वेळ निघून गेली" म्हणतो तेव्हा ती स्त्रीलिंगी. ती मोजायची नसते. ती येते, टळते, चुकते, साधावी लागते. पहिला वेळ घड्याळातला आहे, दुसरी वेळ आपल्या 'आत्ता'शी बांधलेली आहे. भौतिकशास्त्राची सगळी समीकरणं पहिल्यावर चालतात. तत्त्वज्ञांचा सगळा वाद दुसरीचा आहे.

'परवा' हा शब्दही तसाच. परवा पाहुणे आले, परवा पाहुणे येणार. शब्दात फक्त अंतर आहे. मागे की पुढे ते क्रियापदाने सांगायचं. क्रियापद काढून टाकलं तर मागे-पुढे उरतं का, यावरच विचारवंतांचे दोन तट पडले आहेत.

काळ खोटा आहे असं कुणी खरंच म्हटलं आहे का?

म्हटलं आहे. १९०८ साली केंब्रिजचे तत्त्वज्ञ जॉन मॅकटॅगर्ट यांनी. त्यांचा युक्तिवाद आजही प्रत्येकाला ओलांडून जावा लागतो.

घटना लावायच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली आधी-नंतरची. शिवराज्याभिषेक ६ जून १६७४ला झाला, महाराजांचं निधन ३ एप्रिल १६८०ला. पहिली घटना दुसरीच्या आधीची. हे तेव्हाही खरं होतं, आज खरं आहे, हजार वर्षांनीही राहील. यात काहीच हलत नाही. दुसरी तऱ्हा 'होणार, होतंय, झालं' अशी. १६६० मध्ये राज्याभिषेक व्हायचा होता, त्या दिवशी रायगडावर होत होता, आता होऊन गेला. इथे सारखा बदल आहे.

मॅकटॅगर्ट म्हणतात, बदल नसेल तर काळ कसला? पहिल्या तऱ्हेत बदल नाही, म्हणून दुसरी हवीच. पण दुसरीत एकाच घटनेला तीन विशेषणं लागतात, आणि ती एकत्र नांदू शकत नाहीत. आपण पटकन म्हणतो, "एकदम कुठे लागतात? पाळीपाळीने लागतात." म्हणजे कसं? आधी 'होणार' होती, आता 'झाली' आहे. पण या वाक्यातला 'आता' आला कुठून? जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरलं. तो 'आता' समजावून सांगायला आणखी एक काळ लागेल, आणि त्यालाही पुन्हा तोच आजार. म्हणून मॅकटॅगर्ट यांनी निकाल दिला की काळ खराच नाही.

हा निकाल मला पटत नाही. कैरीची फोड मेमध्ये करकरीत होती आणि जूनमध्ये मऊ आहे, हा बदल झाला की! त्याला आधी-नंतर पुरेसं आहे. मात्र 'आत्ता' नावाचा एखादा दिवा घटनांच्या रांगेवरून सरकत जातो, ही कल्पना मॅकटॅगर्ट यांनी कायमची अडचणीत आणली, हे मान्य करावं लागतं.

सरकत असेल तर किती वेगाने?

हा माझा आवडता प्रश्न. पूर्वी लग्नाचा मुहूर्त साधायला घटिकापात्र मांडत. पाण्याने भरलेल्या घंगाळात तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडायची. भोकातून पाणी आत चढत राहतं, वाटी हळूहळू खाली बसते, काठ पाण्याला टेकतो आणि शेवटी एकदम बुडते. झाली एक घटिका, म्हणजे २४ मिनिटं. अशा ६० घटिकांचा दिवस आणि रात्र. आता समजा, भोकात कचरा अडकला. वाटी उशिरा बुडेल, आणि दुसऱ्या पात्राशी ताडून पाहिलं की चूक कळेल.

खुद्द काळ कशाशी ताडायचा? नदी तासाला अमुक किलोमीटर वाहते म्हणतो, तेव्हा अंतर वेगळं आणि तास वेगळा असतो. काळ 'सेकंदाला एक सेकंद' जातो असं म्हटलं तर आपण काहीच सांगितलं नाही. आणि दुसऱ्या कुठल्या काळाशी ताडायचं म्हटलं तर तो दुसरा काळ कितीच्या वेगाने जातो? ऑस्ट्रेलियात पुढे बरीच वर्षं शिकवलेले जे. जे. सी. स्मार्ट यांनी १९४९ मध्ये 'काळाची नदी' या रूपकावर हाच घाव घातला.

दुसरी बाजूही आहे. टिम मॉडलिन हे आजचे तत्त्वज्ञ म्हणतात, सेकंदाला एक सेकंद हा दर म्हणून ठीक आहे. रुपयाला रुपया असा विनिमय दर असतोच की. उत्तर चलाख आहे. पण रुपया देऊन रुपया घेतला तर व्यवहार झाला असं मला तरी म्हणवत नाही.

सापेक्षता सिद्धांत यावर काय सांगतो?

बरंच काही, आणि तेही पचायला जड. १९०५ मध्ये आइनस्टाइन यांनी दाखवलं की दूरच्या दोन घटना 'एकाच वेळी' झाल्या का, याचं सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर नसतं. पाहणारा कसा चालला आहे यावर ते ठरतं.

देवयानी दीर्घिका आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे. एक मैत्रीण बाकावर बसली आहे. दुसरी तिच्या शेजारून, देवयानीच्या दिशेने, ताशी ५ किलोमीटरच्या चालीने जाते आहे. दोघी शेजारी असतानाच विचारा: देवयानीत आत्ता काय चाललं असेल? दोघींच्या हिशेबात सुमारे चार दिवसांचा फरक पडतो. चालणारीच्या हिशेबात तिथे जे आत्ता होतं आहे, ते बसलेलीच्या हिशेबात अजून चार दिवसांनी व्हायचं आहे. यातलं दोघींनाही दिसत काहीच नाही, तिथला प्रकाश इथवर यायला २५ लाख वर्षं लागतात. पण हिशेब दोघींचे बरोबर असतात, आणि त्यातून एकीला निवडावं असं निसर्गाच्या नियमांत काही नाही.

मग 'फक्त आत्ताचं तेवढं खरं, पुढचं अजून नाहीच' असं म्हणायचं तर कुणाचा आत्ता धरायचा? १९०८ मध्येच हर्मान मिंकोव्स्की यांनी कलोन इथल्या व्याख्यानात अवकाश आणि काळ मिळून एकच चौमितीय पट मांडला. त्या पटावर सगळ्या घटना आहेत. 'आत्ता' असं बोट ठेवलेलं मात्र कुठेच नाही.

पण वेगाने जाणारं घड्याळ हळू चालतं, हे तर मोजलेलं आहे. हळू चालतो म्हणजे काळ चालतोच की!

मोजलेलं आहे, आणि सुरेख मोजलेलं आहे. वेगाने घड्याळ मंदावतं, तसं उंचीवर गुरुत्वाकर्षण कमी असल्याने ते जलदही चालतं, आणि मोजणीत दोन्ही परिणाम मिसळलेले असतात. ऑक्टोबर १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग या दोघांनी सिझियमची अणुघड्याळं प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली. पूर्वेकडे गेलेली घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा सुमारे ५९ नॅनोसेकंद मागे पडली, पश्चिमेकडे गेलेली सुमारे २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. तुमच्या मोबाइलला रस्ता दाखवणाऱ्या जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं जमिनीच्या मानाने दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात, आणि ती तफावत धरूनच सगळी यंत्रणा चालते.

पण यावरून काळ वाहतो असं निघत नाही. मुंबईहून पुण्याला दोन गाड्या निघाल्या, एक जुन्या हायवेने, एक एक्स्प्रेसवेने. पुण्यात पोचल्यावर दोघींच्या मीटरवरचे किलोमीटर वेगळे भरले. म्हणून रस्ता वाहत होता असं आपण म्हणतो का? वाटा वेगळ्या होत्या, लांबी वेगळी भरली. घड्याळ हे त्या चौमितीय पटावरच्या आपल्या वाटेचं मीटर आहे.

घड्याळाचे काटे पुढे-मागे केले तर काळ बदलतो का?

नाही, तो करार आहे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये लागू झाली, तरी मुंबई आपल्या स्थानिक वेळेला अनेक दशकं धरून राहिली. ती प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे होती. त्या ३९ मिनिटांत कुणाचं वय कमी-जास्त झालं नाही.

आपल्याकडच्या दर्शनांनी यावर विचार केला आहे का?

केला आहे, आणि तो 'कालाय तस्मै नमः' म्हणून हात जोडण्यापुरता नाही. घासून केलेला वाद आहे. माझ्या मते मराठी वाचकाने मॅकटॅगर्टच्या आधी इथून सुरुवात करावी.

न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांत, एक पूर्वपक्ष, म्हणजे खोडून काढण्यासाठी मांडलेलं विरुद्ध मत, येतो: वर्तमानकाळ नाहीच. फळ देठापासून सुटलं. ते जेवढं अंतर पडलं, तो 'पतित' काळ, म्हणजे भूत. जेवढं पडायचं आहे, तो 'पतितव्य' काळ, म्हणजे भविष्य. मधे तिसरं अंतर कुठे आहे, ज्याला 'पडतं आहे' म्हणावं? आंब्याच्या झाडाखाली उभं राहून हे करून बघा, पूर्वपक्ष किती धारदार आहे ते कळतं. नैयायिकांचं उत्तर तितकंच नेमकं. वर्तमान नसेल तर भूत आणि भविष्यही जातील, कारण ती दोन्ही वर्तमानाच्या आधारानेच ओळखायची असतात. आणि वर्तमान अंतरावरून ओळखायचाच नसतो, तो क्रियेवरून ओळखायचा. फळात पडण्याची क्रिया आहे, तोवर ते पडतं आहे. काळाला क्रियेपाशी आणून बांधणारं हे उत्तर मला फार जवळचं वाटतं.

बौद्धांमधले सर्वास्तिवादी दुसऱ्या टोकाला गेले. सर्व अस्ति: गेलेलं, चालू असलेलं आणि येणारं, तिन्ही आहेत. कारण गेलेलं कर्म नसेलच तर त्याचं फळ आज कुठून येणार? आणि ज्याचं आपल्याला ज्ञान होतं ते नाहीच, असं कसं म्हणावं? मग तिन्हींत फरक काय? आचार्य वसुमित्रांचा दृष्टान्त असा, की मोजणीची गोटी एककाच्या घरात ठेवली तर एक, शतकाच्या घरात ठेवली तर शंभर. गोटी तीच. ती आपलं कार्य करते आहे तेव्हा वर्तमान, करून झाल्यावर भूत, केलं नाही तोवर भविष्य. बौद्ध आचार्य वसुबंधूंनी यावर सरळ विचारलं: वस्तू तिन्ही काळी आहेच, तर तिला कार्य करण्यापासून अडवतं कोण? या प्रश्नाला सर्वास्तिवाद्यांकडे मला समाधानकारक उत्तर सापडलं नाही.

फुटलेला कप जुळून येत नाही. मग काळाला दिशा नाही का?

दिशा आहे. कॅरमच्या दोन सोंगट्या एकमेकींवर आपटल्याचा व्हिडिओ उलटा चालवला तर, घर्षण सोडून दिलं तर, कुणाला कळणार नाही. फोडणीचा व्हिडिओ उलटा चालवला तर लहान मूलही हसेल. मूळ नियम जवळजवळ सगळे दोन्ही दिशांना सारखेच चालतात. फरक पडतो तो असंख्य कणांच्या विस्कटण्याने. विस्कटलेल्या रचना अफाट जास्त आणि नीटस रचना थोड्या, म्हणून गोष्टी विस्कटण्याकडे जातात. लुडविग बोल्ट्झमन यांनी एकोणिसाव्या शतकात हे गणिताने मांडलं, आणि आर्थर एडिंग्टन यांनी १९२० च्या दशकात त्याला 'काळाचा बाण' हे नाव दिलं.

पण दिशा असणं वेगळं आणि वाहणं वेगळं. खंडाळ्याहून खोपोलीकडे घाट उतरतो असं आपण म्हणतो. घाट जागेवरच असतो.

मग काळ जातोय असं इतकं ठामपणे वाटतं का?

कारण मेंदू एकेका क्षणाचे सुटे फोटो घेत नाही, थोडासा पल्ला एकदम धरतो. सेकंदकाटा फिरताना दिसतो. तासकाटा फिरताना दिसत नाही, फिरलेला आहे एवढंच कळतं. त्यात आठवण फक्त एका बाजूची असते, झालेल्याची. दर क्षणी आधीच्या क्षणाची आठवण गाठीला असली की आपण पुढे आलो असं वाटणारच.

आणि हालचाल नसताना हालचाल जाणवू शकते. पावसाळ्यात धबधब्याकडे मिनिटभर एकटक बघा आणि मग बाजूच्या कातळावर नजर न्या. कातळ वर चढताना दिसतो, आणि तरी तो जागचा हललेला नसतो.

या मताविरुद्ध सगळ्यात चांगला मुद्दा कोणता?

न्यूझीलंडचे तर्कशास्त्रज्ञ आर्थर प्रायर यांनी १९५९ मध्ये मांडलेला. तो मी माझ्या दाढेवरून सांगते. एका मंगळवारी सकाळी ११ वाजता माझी अक्कलदाढ काढली. भूल पुरती चढली नव्हती, आणि ते पक्कड लागल्यावर कळलं. पाऊण तासाने जिना उतरताना गालात कापसाचा बोळा होता, कठड्याला धरलेला हात थरथरत होता, आणि मनात एकच शब्द: सुटले!

कशातून सुटले? 'दाढ मंगळवारी ११ला काढली जाते' हे सोमवारीही खरंच होतं. त्याने सोमवारी मला हायसं वाटलं नाही. म्हणजे 'होऊन गेलं' यात तारखेपेक्षा जास्त काहीतरी आहे.

यावरचं उत्तर असं, की 'आत्ता' हा 'इथे'सारखा शब्द आहे. कोल्हापूरकर 'इथे' म्हणतो तेव्हा कोल्हापूर, नागपूरकर म्हणतो तेव्हा नागपूर. 'इथेपणा' असा काही गुण गावोगाव फिरत नसतो. तसंच दुखणं संपल्यानंतरच्या क्षणी हायसं वाटणं, ही त्या क्षणाच्या जागी अगदी योग्य गोष्ट आहे. हे उत्तर मला बरोबर वाटतं. तरी त्या जिन्यावरची मी आठवली, की प्रायरांच्या म्हणण्यात किती जोर आहे ते पुन्हा जाणवतं.

सगळं आधीच 'आहे', तर अभ्यास कशाला करायचा?

'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' म्हणणाऱ्याचा हा प्रश्न आहे. त्या पटावर तुमचा निकाल आहे, तसा तुम्ही केलेला किंवा न केलेला अभ्यासही आहे, आणि निकाल त्या अभ्यासामुळेच आहे. मधली घटना गाळून शेवटची तेवढी ठेवता येत नाही. आणि 'आधीच' हा शब्द तर इथे लागूच पडत नाही. परीक्षा मार्चमधली आहे, ती मार्चमध्येच आहे.

गेलेल्या माणसांचं काय?

मार्च १९५५ मध्ये आइनस्टाइन यांचे जुने मित्र मिशेल बेसो वारले. घरच्यांना लिहिलेल्या पत्रात आइनस्टाइन म्हणाले, आमच्यासारख्या भौतिकशास्त्रावर विश्वास असणाऱ्यांना भूत, वर्तमान आणि भविष्य हा भेद म्हणजे एक चिवट भास तेवढा आहे. त्यानंतर महिन्याभरातच, १८ एप्रिलला, ते स्वतः गेले. हे वाक्य सगळीकडे सांगतात. तत्त्वज्ञ रुडॉल्फ कार्नाप यांची आठवण कमी सांगतात: 'आत्ता'चा प्रश्न आपल्याला फार छळतो, विज्ञानाच्या पकडीत तो येत नाही, असं आइनस्टाइन त्यांच्यापाशी बोलले होते. मला दोन्ही आइनस्टाइन खरे वाटतात.

माझी आई एका ऑगस्टमध्ये गेली. तिने मेमध्ये घातलेलं लोणचं पुढच्या होळीपर्यंत पुरलं. शेवटी बरणीच्या कडेला चिकटलेला खार मी बोटाने निपटून घेतला. बरणी रिकामी झाली, पण मेमधल्या त्या दुपारी ती विळीवर बसून कैऱ्या चिरत होती, यातलं काही कमी झालं नाही. ती दुपार झिजत नाही, जुनी होत नाही. माझ्यापासून ती लांब आहे, आणि त्या लांबीने रडू येतं. ते रडू भास नव्हे.

लहान मुलाने विचारलं, "काल कुठे गेला?" तर काय सांगायचं?

'गेला' असं म्हणू नये, एवढं मी पाळते. माझ्या सहा वर्षांच्या भाचीने विचारलं तेव्हा मी तिला विचारलं, रविवारी काय काय केलंस? तिने सांगितलं, झोका, आंबा, पडले, रडले. म्हटलं, ते सगळं रविवारी आहे. कुठे गेलेलं नाही.

"मला तिथे जाता येईल?"

"नाही."

ती थोडा वेळ फ्रॉकच्या टोकाशी चाळा करत बसली. "मग तिथली मी आत्ता आंबा खातेय?"

"आत्ता नाही. रविवारी."

"रविवारी खातेय," ती म्हणाली, आणि तेच पुन्हा एकदा, सावकाश, म्हणून बघितलं.